समुद्रात आपलं कोणी नाही

"सर, निमित्त काय टाकू?" वेदिकाने विचारलं.

वाल्मीकरावांनी बायकोकडे पाहिलं. सुवर्णाबाई भिंतीवरच्या जहाजाकडे पाहत होत्या. जहाज पांढरंशुभ्र होतं, गंगापूर रोडवरच्या कुठल्याही इमारतीपेक्षा उंच होतं, आणि इमारत पाण्यावर तरंगायला लागल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जो गोंधळ दिसायला हवा, तो वाल्मीकरावांच्या चेहऱ्यावर आठवडाभर होता.

"निमित्त म्हणजे?"

"म्हणजे ॲनिव्हर्सरी, बर्थडे, रिटायरमेंट... निमित्त टाकलं की जहाजावर केक देतात."

"रिटायर होऊन दोन वर्षं झाली."

"मग ॲनिव्हर्सरी?"

"ती मे महिन्यात होऊन गेली."

"हनीमून टाकू?" वेदिका हसली. पर्यटन कंपनीच्या या ऑफिसात तिला हसायचा पगार मिळत असावा.

वाल्मीकरावांनी चष्मा काढून पुसला. त्यांची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, स्टोअर विभागात गेली होती. तिथं कारण लिहिल्याशिवाय साधा वॉशरसुद्धा बाहेर पडत नसे. आणि आता दोन माणसं, पैकी एक ते स्वतः, काहीही कारण नसताना अरबी समुद्रात पाठवायला ते निघाले होते.

"काही टाकू नका," सुवर्णाबाई म्हणाल्या. "केक नको. खिडकी हवी."

खोल्या तीन प्रकारच्या होत्या. गॅलरीवाल्या आधीच गेल्या होत्या. खिडकीवाल्या संपत आल्या होत्या. बिनखिडकीच्या हव्या तेवढ्या होत्या. वेदिकाने खिडकीची एक खोली शनिवारपर्यंत धरून ठेवायचं कबूल केलं. वाल्मीकरावांना बायकोचं नवल वाटलं. साडीचा रंगसुद्धा "बघा तुम्हाला कोणता बरा वाटतो" म्हणून घेणारी ही बाई खिडकी मागताना त्यांच्याकडे वळलीही नव्हती.

जहाजाची कल्पना तिचीच. पुण्याहून दीपकचा फोन आला होता, "बाबा, तुम्ही दोघं कुठं तरी जाऊन या ना," आणि मेथी निवडता निवडता सुवर्णाबाई म्हणाल्या होत्या, "जहाजात." दीपकला वाटलं आई गंमत करतेय. वाल्मीकरावांना वाटलं टीव्हीवर काही तरी पाहिलं असेल.

"जहाजातच कशाला?" फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं होतं.

"दुसरं कुठं जायचं? महाबळेश्वरला निघालो तर वाईला तुमचे मावसभाऊ. गोव्याला तुमच्या आत्याचा नातू औषधाच्या कंपनीत. इंदूरला माझी चुलत बहीण. काश्मीर म्हटलं तर भाचा मिलिटरीत, तो तिथंच. न कळवता गेलं की रुसतात, कळवलं की स्टेशनवर घ्यायला येतात." मेथीच्या काड्या त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळल्या. "समुद्रात आपलं कोणी नाही."

यात तक्रार नव्हती. त्यांनी फक्त नकाशा सांगितला होता.

लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला गेले ते वणीला. दोघं म्हणजे ते दोघं, आई, आत्या आणि आत्याची शेजारीण. मखमलाबादच्या मळ्यातल्या घरात त्यांना मिळालेल्या खोलीत गुलाबावर औषध मारायचा पंप ठेवलेला असे, आणि पंप कधी लागेल याचा नेम नसल्यामुळे खोलीला आतून कडी नव्हती. पहाटे सासरे बाहेर खोकत, आत येत, पंप उचलत आणि जाताना पुन्हा एकदा खोकत. मोठ्या भावाची, कोंडाजीदादांची खोली त्याहून बरी, म्हणजे तिथं टीव्ही होता. त्यामुळे अख्खं घर तिथं रात्री राष्ट्रगीतापर्यंत बसून असे. पुढे वाल्मीकरावांनी गंगापूर रोडला फ्लॅट घेतला, तेव्हा फ्लॅटमध्ये आई आली आणि कॉलेजसाठी दादांची मुलं आली. मुलं शिकून गेली. दीपक पुण्याला गेला. गेल्या वर्षी आई गेली.

तेव्हापासून घरात दोघंच होते, आणि खरं सांगायचं तर वाल्मीकरावांना त्याची जरा धास्ती होती. जेवताना ते बायकोला विचारत, टाकीत पाणी आलं का. ती म्हणे, आलं. मग भाजीकडे बघावं लागे. समुद्रात तर टाकीचाही विषय नव्हता. अशा खोलीत चार रात्री माणूस बोलणार काय?

रविवारी दोघं मळ्यात गेले. मोठ्या भावाच्या कानावर घातल्याशिवाय विधात्यांच्या घरातलं कोणी नाशिकची वेस ओलांडत नाही.

ओट्यावर झेंडूचे ढीग पडले होते. नवसाबाई सुईदोरा घेऊन माळा ओवत होत्या. सुवर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जावेशेजारी बसून दुसरी सुई उचलली. जेठासमोर बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. इतक्या वर्षांत कोंडाजीदादांशी त्यांचं जे काही बोलणं झालं, ते नवऱ्यामार्फत, सासूमार्फत, आणि एकदा कोणीच नव्हतं तेव्हा बैलामार्फत झालं होतं.

"जातं कुठं ते जहाज?" दादांनी विचारलं.

"मुंबईहून निघतं. गोवा, मग लक्षद्वीप, मग परत मुंबई."

"म्हंजे निघालं तिथंच येतंय?"

"हो."

"मंग?"

 या 'मंग'चं उत्तर वेदिकाने सांगितलं नव्हतं.

"देव कोन्ता हाय तिथं?"

"देव नाही दादा. जेवायचं, खेळ बघायचे. पोहायला तलाव आहे."

"कुठं?"

"जहाजावर."

दादांनी हातातला झेंडू खाली ठेवला. "समुद्रात जहाज, अन् जहाजात तळं?"

"हो."

"अन् तळ्यात?"

"माणसं."

"अवघड हाय," कोंडाजीदादा म्हणाले आणि विचारात पडले.

इथं बोलणं संपलं होतं. आता फक्त एक वाक्य उरलं होतं, आणि ते वाल्मीकरावांनी म्हटलं.

"चला की दादा तुम्हीपण."

हे वाक्य विधात्यांच्या घरात प्रत्येक जण म्हणतो. बाजाराला निघालेला म्हणतो, लग्नाला निघालेला म्हणतो, दवाखान्यात ॲडमिट व्हायला निघालेलाही म्हणतो. त्याचं उत्तर ठरलेलं आहे: "तुम्ही व्हा पुढं, आम्ही येतो मागून." मागून आजवर कोणी आलेलं नाही. शेजारच्या काळू न्हाव्याला बारा महिने 'या जेवायला' म्हणतात, आणि तो 'होऊ द्या' म्हणून पुढे जातो. तो ओट्यावर चढून पाटावर बसला तर काय करायचं, याचा विचार कोणी केलेला नसतो.

 दादांनी नवसाबाईंकडे पाहिलं. नवसाबाईंची सुई झेंडूत अर्धी शिरून थांबली होती. त्यांनी मान वर केली नाही.

"कधी निघायचं?" कोंडाजीदादांनी विचारलं.

दोघं स्कूटरवरून परत निघाले. सिग्नलला थांबल्यावर सुवर्णाबाई मागून म्हणाल्या, "चला म्हणालात तुम्ही."

"म्हणायला लागतं."

"हो. लागतं."

सिग्नल सुटला. मागचा टेम्पो हॉर्न वाजवू लागला. वाल्मीकरावांनी स्कूटर पुढे काढली.

"समुद्रात आपलं कोणी नव्हतं," त्या म्हणाल्या. 

वाल्मीकरावांना वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या खाली, कारखान्यातल्या शेवटच्या फळीवर न वापरलेला माल पडून असावा तसा, थोडासा सुटकेचा आनंदही पडलेला होता. दादा असले की बोलायचा प्रश्न नव्हता. दादा विचारत आणि आपण सांगायचं.

दादांनी लगेच विचारायला सुरुवातही केली. ते दिवसातून दोनदा फोन करू लागले. जहाजात चप्पल चालती का. दशम्या किती न्यायच्या. पाणी तिथलं खारट असंल, तर आपलं एक कॅन घ्यायचं का. पाहुण्यांत बातमी पसरली. आडगावचे व्याही टॉवेल-टोपी घेऊन आले, कारण जाणाऱ्याला टॉवेल-टोपी करतात. कुठल्या देवाला जाताय हे त्यांना कोणी नीट सांगितलं नाही, तेव्हा त्यांनी दोघा भावांच्या पाया पडून "आमचाबी नमस्कार सांगा" असं मोघम म्हटलं.

"अन् हे बघ वाल्मीक," दादा फोनवर म्हणाले, "खोल्या दोन घे. बाया एकीत, आपुन एकीत. यात्रेला करतो तसंच."

"बरं दादा."

सुवर्णाबाई स्वयंपाकघरात होत्या. फोन स्पीकरवर होता. त्या रात्रीपासून त्यांनी मोबाइलवर जहाजाच्या खोलीचा व्हिडिओ बघणं सोडून दिलं. बुधवारी त्या म्हणाल्या, "तुम्ही तिघं जाऊन या. माझा गुडघा दुखतो."

हा गुडघा दर वर्षी सप्तशृंगीच्या पायऱ्या चढत होता, न कुरकुरता. वाल्मीकरावांना हे माहीत होतं. ते म्हणाले, "तेल लाव."

गुरुवारी दुपारी नवसाबाई आल्या. मार्केटात फुलं टाकून त्यांचा मुलगा ओम त्यांना फ्लॅटखाली सोडून गेला होता. वाल्मीकराव वीजबिलाच्या तक्रारीसाठी बाहेर गेले होते. नवसाबाईंनी झेंडूची पिशवी ओट्यावर ठेवली, पाणी प्यायल्या, चहाला नको म्हणाल्या, मग अर्धा कप चालंल म्हणाल्या. चहा बशीत ओतून त्यावर फुंकर घालत राहिल्या.

"सुवर्णे, एक विचारू? हसशील."

"विचारा ना ताई."

"त्या जहाजातल्या खोलीला आतून कडी हाय का गं?"

सुवर्णाबाई हसल्या नाहीत.

"पण ताई, दादा तर म्हणतात बाया एका खोलीत."

"ते तसंच म्हंतील. थोरल्या मानसाला तसंच म्हनावं लागतंय." नवसाबाईंनी बशी खाली ठेवली. "तुला तर माहितीच हाय आमची खोली. आधी टीव्ही व्हता. मंग पोरं व्हती. आता स्वराज हाय, साई हाय, त्यांचे ते मोबाइल. आजी गोष्ट सांग, आजी पाय चेप. मला यांच्याशी एक बोलायचंय. लय दिवसाचं राह्यलंय. मळ्यात बोलावं तर मजूर. ओट्यावर बोलावं तर गिऱ्हाईक."

"काय बोलायचंय?"

"ते त्यांनाच सांगायचं हाय ना, बाई," नवसाबाई म्हणाल्या. आणि मग एकदम लाजून, "तू भाऊजींना चला म्हनायला लावलंस, लय बरं केलंस. त्या दिवशी मी म्हनलं, देवा, यांच्या तोंडून आता 'तुम्ही व्हा पुढं' निघू देऊ नको."

 जावेच्या पदराला झेंडूची एक पाकळी चिकटली होती, ती सुवर्णाबाईंनी काढली.

संध्याकाळी वाल्मीकराव आले तेव्हा त्यांच्यासमोर चहाऐवजी बायको येऊन बसली.

"शनिवारी दादा म्हणतील, बाया एकीकडं. तुम्ही नाही म्हणायचं."

"मी?"

"मग कोण? मी तर बोलू शकत नाही त्यांच्याशी."

"दादाला नाही म्हणू?"

"हो."

"तुझा गुडघा?"

"बरा आहे."

 दादाला आपण आजवर कशाकशाला नाही म्हटलं, हे वाल्मीकराव आठवून बघत होते. नोकरी दादांनी सांगितली म्हणून केली. लग्नाची मुलगी दादांनी पाहिली. फ्लॅट घेताना पूर्वेचं दार आहे ना, एवढं दादांनी विचारलं आणि पश्चिमेचा चांगला फ्लॅट सुटला. एकदा दादांनी तिसरा लाडू वाढला होता तेव्हा ते नाही म्हणाले होते. तोही खावा लागला होता.

"कसं म्हणायचं पण?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत," सुवर्णाबाई म्हणाल्या. "मी कधी म्हटलंय?"

शनिवारी चौघं वेदिकासमोर बसले. कोंडाजीदादा स्वच्छ टोपी घालून आले होते. नवसाबाई लग्नाची साडी नेसून आल्या होत्या, जणू बोट ऑफिसच्या मागच्या बाजूलाच लागली होती. सुवर्णाबाई पदर घेऊन जरा तिरक्या बसल्या, म्हणजे जेठ समोर येऊ नयेत.

"दोन केबिन मिळतील," वेदिका म्हणाली. "पण खिडकीची एकच राहिलीये, तुमच्यासाठी धरलेली. दुसरी आतली आहे. तिला खिडकी नाही."

"मंग सोपं हाय," दादा म्हणाले. "बाया खिडकीत बसतील. गड्यांना काय करायची खिडकी? झोपायचंच हाय. लिही पोरी, बाया एकीत, गडी एकीत."

वेदिका टाइप करू लागली. सुवर्णाबाई जहाजाच्या चित्राकडे पाहत होत्या. नवसाबाई स्वतःच्या बांगड्यांकडे.

वाल्मीकराव खोकले. तो खोकला ऐकून ते स्वतःच दचकले, कारण तो हुबेहूब वडिलांचा होता, दाराबाहेरचा, पंप न्यायला आल्यासारखा.

"दादा."

"काय?"

"तसं नाही करता येत."

"का बरं?"

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. वाल्मीकरावांना दोन दिवस पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. कारखान्यातली अख्खी नोकरी त्यांच्या मदतीला धावून आली.

"नियम आहे," ते म्हणाले. "जहाजाचा. नवरा-बायको एकाच खोलीत पाहिजेत. आधार कार्डावर बघतात."

दादांशी ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते. एसीचा आवाज फार मोठा येऊ लागला. वाल्मीकरावांनी वेदिकाकडे पाहिलं. वेदिकाने त्यांच्याकडे पाहिलं, मग पदराआडच्या बाईकडे, मग लग्नाच्या साडीकडे. तिचं हसू या वेळी पगारातलं नव्हतं.

"हो काका," ती म्हणाली. "फार कडक नियम आहे."

कोंडाजीदादांनी टोपी काढली, आतून बघितली आणि पुन्हा घातली.

"नियमच हाय तर मंग काय इलाज?" ते म्हणाले. एवढ्या पटकन हार मानलेला दादा वाल्मीकरावांनी पाहिला नव्हता. दादांचे कान लाल झाले होते. "सरकारी कामात आपुन कशाला अडवायचं?"

"मग खिडकीची केबिन कोणाच्या नावावर?" वेदिकाने विचारलं.

वाल्मीकराव "आमच्या" म्हणायला तोंड उघडत होते. तो 'आ' त्यांच्या तोंडात तसाच राहिला.

"ताईंच्या," सुवर्णाबाई वेदिकाला म्हणाल्या. "लिहा. नवसाबाई कोंडाजी विधाते."

"अगं, पण तुला..."

"लिहा तुम्ही."

वेदिकाने लिहिलं. कळफलकाचा आवाज थांबेपर्यंत सुवर्णाबाई थांबल्या. मग त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, "त्या खोलीला आतून कडी आहे ना?"

"सगळ्याच खोल्यांना असते, मॅडम."

"परत एकदा सांगा."

"आतून कडी असते."

नवसाबाई एकदम खाली वाकल्या आणि पायातली चप्पल नीट करू लागल्या. त्या बराच वेळ नीट करत होत्या.

"आणि काका, निमित्त काय टाकू?" वेदिकाने दादांना विचारलं.

"निमित्त?"

"म्हणजे कशासाठी चाललात?"

कोंडाजीदादांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. "हा चला म्हनला," ते म्हणाले. "तेच टाक."

दुपारी दोघं घरी आले. वाल्मीकराव हातपाय धुऊन खोलीत गेले, तर सुवर्णाबाई खिडकी लावत होत्या. खिडकी लावून त्यांनी पडदा ओढला. पडद्याच्या फटीतून ऊन येत होतं, तिथं एक चादर खोचली. ट्यूब बंद केली. मग दार लोटलं आणि कडीला हात घातला. फ्लॅट घेतल्यापासून ती कडी कोणी लावली नव्हती. मागच्या दिवाळीच्या रंगात ती चिकटून बसली होती. दोनदा ओढल्यावर ती सुटली, आणि रंगाचा एक पापुद्रा खाली पडला.

"हे काय करतेस?"

"सवय करतेय. आपल्या खोलीला खिडकी नाही."

त्या पलंगाच्या एका टोकाला बसल्या. वाल्मीकराव थोडा वेळ उभे राहिले, मग चाचपडत दुसऱ्या टोकाला बसले. अंधार अगदी पुरता नव्हता. पंखा फिरत होता.

"टाकीत पाणी..." वाल्मीकराव म्हणाले आणि थांबले.

"सांगा ना," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"नाही. काही नाही." मग ते म्हणाले, "तुला खिडकी द्यायला हवी होती मी."

"ताईंना बोलायचंय दादांशी."

"मग त्याला खिडकी कशाला?"

"बोलून झाल्यावर बघायला काही तरी पाहिजे ना," सुवर्णाबाई म्हणाल्या.

बाहेर बेल वाजली.

वाल्मीकराव सवयीने अर्धे उठले. बेल पुन्हा वाजली. शेजारचे असतील, नाही तर कोणी पाहुणे, टॉवेल-टोपी घेऊन. अंधारात त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती हलली नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती.

ते खाली बसले, या वेळी जरा जवळ.

बेल तिसऱ्यांदा वाजली नाही. जिन्यावरून कोणाच्या तरी चपला एकेक पायरी खाली उतरत गेल्या. त्यांचा आवाज पार बंद होईपर्यंत दोघं ऐकत राहिले.